डॉक्टर होणे ही एकच वाट नव्हे

बारावीचा निकाल लागला की गोरेगाव, सेनगाव, कळमनुरीच्या परिसरात घरोघरी एकच प्रश्न असतो, पुढे काय? मुलगा किंवा मुलगी विज्ञान शाखेत हुशार असेल तर सगळे सांगतात, डॉक्टर हो. नीट परीक्षेत गुण कमी पडले की तीच माणसे म्हणतात, मेडिकलचा विषय संपला. मग ते लेकरू मिळेल त्या कॉलेजात नाव घालते, नाहीतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून जाते.

वाचक बंधुभगिनींनो, हा विषय इतक्या लवकर संपत नाही. आदिवासी वस्तीवर आज कोणत्या कामाची माणसे हवी आहेत आणि अलीकडचे वैद्यकीय संशोधन त्याबद्दल काय सांगते, हे या लेखात पाहू.

गडचिरोलीने काय दाखवले?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत एक प्रयोग केला. तेथे नवजात बाळांचे मृत्यू फार होते आणि दवाखाना दूर होता. संस्थेने गावातल्याच, थोडे शिक्षण झालेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, आईला अंगावर पाजायला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ आली तर इंजेक्शन देणे, एवढे काम त्या घरी जाऊन करीत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे २०११ पासून सरकारने हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते, त्याचे मूळ येथे आहे.

क्षयरोग आणि पोटभर जेवण

दुसरा अभ्यास झारखंडमधला आहे. क्षयरोग्याच्या घरातील माणसांना सहा महिने जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्यांना रोग होण्याचे प्रमाण घटते का, हे तेथे तपासले गेले. चार जिल्ह्यांतील १०,३४५ कुटुंबीय त्यात होते. ज्या घरांना शिधा मिळाला, त्या घरांत क्षयरोगाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

औषधांतही बदल झाला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी वीस महिन्यांपर्यंत उपचार चालत. आता सहा महिन्यांची नवी औषधयोजना आहे आणि भारत सरकारने २०२४ मध्ये तिला मंजुरी दिली. पण गोळी रोज पोटात गेली का, वजन वाढले का, हे पाहायला घरापर्यंत जाणारे कोणीतरी लागतेच.

सिकलसेल

विदर्भ आणि खानदेशातील आदिवासी समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने या आजारावरील जनुकोपचाराला परवानगी दिली. त्यात रुग्णाच्याच रक्तपेशी काढून, त्यांत दुरुस्ती करून परत देतात. अमेरिकेत एका रुग्णाच्या या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या वस्तीवरच्या लेकरासाठी आज खरा आधार आहे तो वेळेवर रक्ततपासणीचा, हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा आणि लग्नाआधी दोन्ही घरांना समजावून सांगणाऱ्या माणसाचा.

या तिन्ही उदाहरणांत शोध प्रयोगशाळेत लागो की गावात, तो झोपडीपर्यंत नेणारे हात लागतात. त्या घरची बोली जाणणारा, तेथलाच माणूस असेल तर लोक दार उघडतात आणि त्याचे ऐकतातही.

वाटा कोणत्या?

ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका यातून तयार होते. जी.एन.एम. तीन वर्षांचा आहे. विज्ञान शाखा नसलेल्यांनाही या दोन्हींची दारे बंद नाहीत. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला जीवशास्त्र हवे. सिकलसेल किंवा क्षयरोगाची तपासणी प्रयोगशाळा तंत्रज्ञाशिवाय होत नाही; त्यासाठी डी.एम.एल.टी. आहे. औषधनिर्माणाची पदविका, म्हणजे डी.फार्म., दोन वर्षांची. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा.

ज्यांना एम.बी.बी.एस. करायचे आहे, त्यांच्यासाठीही अंतर कमी झाले आहे. पूर्वी हिंगोलीच्या मुलांना नांदेड, अंबाजोगाई किंवा संभाजीनगर गाठावे लागे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात हिंगोलीही होते. येथे १०० जागा आहेत. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के आरक्षण आहे.

कागद आधी, प्रवेश नंतर

जागा असते, गुणही असतात, आणि मूल अडते ते जात वैधता प्रमाणपत्रापाशी. आंध किंवा इतर जमातीच्या कुटुंबाकडे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुना महसुली उतारा असे कागद हाताशी नसतात. ते शोधून समितीकडे प्रकरण दाखल करायला वेळ लागतो. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करावे, निकालाची वाट पाहू नये.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आदिवासी विभागाची वसतिगृहे, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना जेवणाखाण्यासाठी व राहण्यासाठी पैसे देणारी स्वयंम योजना, यांची चौकशी कळमनुरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.

आपण काय करू शकतो?

मंडळीत निवृत्त परिचारिका, शिक्षक किंवा सरकारी नोकरीत राहिलेले बंधू असतील, तर त्यांनी महिन्यातला एक दिवस दहावी-बारावीच्या मुलांसोबत बसावे. अर्ज भरून द्यावा, जुना दाखला शोधायला शाळेत सोबत जावे. फॉर्मची फी, गणवेश, हिंगोली-नांदेडचे एसटीभाडे यांसाठी वेळेवर मिळालेली छोटी रक्कमही मोलाची ठरते. क्षयरोग्याच्या घरी दरमहा शिधा पोहोचवायचा असेल तर सरकारच्या निक्षय मित्र उपक्रमात कोणालाही नाव नोंदवता येते.

आणि नीटमध्ये मागे पडलेली मुलगी भेटली, तर तिला एवढे जरूर सांगा, की गडचिरोलीतली ती बाळे वाचवणाऱ्या बायकांजवळ डॉक्टरची पदवी नव्हती. प्रशिक्षण होते, आणि शेजारच्या घरात जाण्याची तयारी होती.