आवाज कुठून येतोय?

"अगं, आवाज वाढव जरा!"

संध्याकाळी टीव्ही लागला, की आमच्या घरात हे वाक्य ठरलेलं. चार वर्षांपूर्वी रिमोटवरचा आकडा १८ असायचा. मग २४ झाला, मग ३०. सासूबाई म्हणायच्या, "आपली मालिका खालच्या मजल्यावर फुकटात ऐकतात." लेक पुस्तकं उचलून आतल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आमच्या ह्यांची मात्र वेगळीच तक्रार. "आवाज येतो गं, पण बोलतात काय ते कळत नाही. हल्लीचे नट नुसते पुटपुटतात."

मलाही ते पटायचं. हे नवे टीव्ही इतके पातळ, की त्यांत स्पीकरला जागाच नसते. असतात तेही खाली नाहीतर मागे तोंड करून. भिंतीकडे तोंड करून बोलणाऱ्याचं आपल्याला काय कळणार! तेव्हा दोष टीव्हीचा, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याने स्वतःसाठी नवी साउंड सिस्टिम घेतली होती. जुनी टेम्पोने पाठवली होती. बोईसरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक अ‍ॅम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि एक भलंथोरलं खोकं येऊन पडलं. खोक्यावर कुंडी छान दिसेल, असा मी विचार करतेय तोवर फोनवरून मुलगा ओरडला, "आई, सबवूफर आहे तो! त्यावर काही ठेवू नकोस."

ह्यांची तारापूर एमआयडीसीत पाळी. घरी येऊन जेवले की अंग टाकतात. म्हटलं, आपणच लावू. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. विजेच्या वस्तूंशी माझा संबंध एवढाच, की बचत गटातल्या शिवणयंत्रांची किरकोळ दुरुस्ती मी करते. पण स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येतो, हे काय थोडं झालं?

मैत्रिणींनो, ह्याला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. पाच स्पीकर म्हणजे पाच, आणि फक्त खर्जातला आवाज काढणारा सबवूफर म्हणजे 'पॉइंट वन'. ते कुठे ठेवायचे हे मुलाने फोनवर घड्याळ धरून समजावलं. आपण घड्याळाच्या मधोमध बसलोय, टीव्ही १२ वर. टीव्हीखाली मधला स्पीकर, त्यातून बहुतेक संवाद येतात. डावा-उजवा ११ वर आणि १ वर. उरलेले दोन आपल्या बाजूला, पण कानांच्या किंचित मागे, म्हणजे उजवा पावणेचारच्या आसपास आणि डावा सव्वाआठच्या. समोरच्या स्पीकरांची उंची आपण बसल्यावर कान येतात तेवढी.

हे ऐकताना मला आमच्याकडचा तारपा आठवला. वारली पाड्यांवर तारपावाला मध्ये उभा असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. इथे बरोबर उलटं. ऐकणारा मध्ये आणि आवाजाने त्याच्याभोवती फेर धरायचा.

सासूबाईंना मात्र ह्यात काही नवल वाटलं नाही. "आम्ही 'शोले' मिनर्व्हात बघितलाय," त्या म्हणाल्या. १९७५ साली आलेला हा सिनेमा तिथे ७० एमएमच्या मोठ्या पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक आवाजात दाखवत असत. सासरे त्यांना गाडीने मुंबईला घेऊन गेले होते. "नाणं उडवलं ना, की ते आपल्याच खुर्चीखाली पडल्यासारखं वाटायचं. माझ्या शेजारची बाई खाली वाकून शोधत होती!"

मग काय, वायरी जोडायला बसले. प्रत्येक स्पीकरला लाल आणि काळी अशा दोन खुणा. लालला लाल, काळ्याला काळी. एवढं सोपं, तरी डाव्या स्पीकरला माझी अदलाबदल झालीच. गाणं लावलं तर गाणारी बाई नक्की कुठून गातेय तेच कळेना आणि तबल्याचा बायाँ पार बसलेला. उलट जोडणीमुळे एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. वायर बदलली आणि बाई नीट टीव्हीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

पुढची पायरी अंतराची. ब्लाउजची मापं घ्यायची टेप काढली. बसायच्या जागेपासून पुढचे स्पीकर ९ फुटांवर, मागचे ५ फुटांवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात फुटाहून जरासा जास्त. मागचा आवाज आधी पोचला तर लक्ष उगाच मागे जातं. ही मापं अ‍ॅम्प्लिफायरमध्ये भरली, की तो जवळच्या स्पीकरला हवा तेवढा वेळ थोपवून धरतो. सगळ्यांनी एकदम पानावर बसायचं, तसंच हे. काही नव्या अ‍ॅम्प्लिफायरबरोबर छोटा माइक येतो आणि ही मोजमापं तो आपली आपण करतो. आमचा जुना, तेव्हा टेप झिंदाबाद.

सबवूफरने मात्र माझी शोभा केली. खर्जाच्या लाटा फार लांब असतात. सेकंदाला ४० कंपनं असलेल्या आवाजाची एक लाट २८ फुटांची भरते आणि आमचा हॉल १५ फुटांचा! मग ती लाट भिंतींवर आपटून एका कोपऱ्यात ढीग करते आणि दुसरीकडे काहीच उरू देत नाही. ह्यावर उपाय असा, की सबवूफर चक्क सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. मी साडी खोचून रांगतेय आणि सासूबाई दारात उभ्या. "काय हरवलं गं?"

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या काकू धापा टाकत आल्या होत्या. "भूकंप झाला का हो? भांडी थरथरली." मी ओशाळले. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले, त्यांतले मोठे आमच्याकडेही जाणवले. काकूंचं माहेर तिकडचं. त्यांचे भाऊ कित्येक रात्री मुलाबाळांना घेऊन अंगणात झोपले होते. त्यांच्यापुढे माझी हौस म्हणजे चेष्टाच की! त्याच दिवशी सबवूफरखाली जाड रबर घातलं आणि त्याचा आवाज निम्म्यावर आणला. खर्ज हवेतून जातो तसा लादीतून आणि भिंतीतूनही जातो, हे लक्षात ठेवायलाच हवं. आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

शेवटची पायरी होती सगळे स्पीकर सारख्या पातळीवर आणायची. अ‍ॅम्प्लिफायर एकेका स्पीकरमधून खरखर असा एकसुरी आवाज सोडतो. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपने तो मोजायचा. अ‍ॅपचा आकडा काटेकोर नसतो, पण एकच फोन एकाच जागी धरून तुलना करायला पुरतो. रविवार होता, सगळे घरी. म्हटलं, प्रत्येकाने खुर्चीत बसून सांगा, आवाज कसा येतो.

लेक म्हणाली, "फोडणी पडल्यासारखा चर्रर्र." सासूबाई म्हणाल्या, "पत्र्यावरचा पाऊस."

हे बसले. डोळे मिटून ऐकलं. "लांब कुठेतरी यंत्र घुमतंय असं वाटतं."

"अहो, चर्रर्र नाही येत?"

"चर्रर्र कुठे? घुर्रर्र आहे."

मी स्पीकर तपासला, वायर तपासली, पुन्हा लावलं. आम्हा तिघींना चर्रर्र, ह्यांना घुर्रर्र. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी गप्प झालो. मला एकदम मागच्या महिन्यातली गोष्ट आठवली. वातींसाठी कापूस आणायला सांगितला, तर हे कापूर घेऊन आले. सासूबाई चिडल्या होत्या, मी हसले होते. तो 'स' ह्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

महिनाभर "मला काही झालेलं नाही" चाललं. शेवटी पालघरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. श्रवणचाचणी झाली. आलेखाची रेघ सरळ चालत आली आणि ४००० हर्ट्झपाशी पावसाळ्यातल्या रस्त्यासारखा खड्डा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काम कुठे करता?" हे म्हणाले, "लूमवर. २४ वर्षं झाली."

त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या आतल्या कानात केसांसारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलं की त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही सावधगिरीची मर्यादा मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. लूमच्या शेडमध्ये ९० केव्हाच ओलांडलेले असतात. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, त ही व्यंजनं वरची, ती गळतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. म्हणजे नट पुटपुटत नव्हते.

पालघर स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. बराच वेळाने हे म्हणाले, "शेडमध्ये सगळेच ओरडून बोलतात गं. मला वाटायचं, घरातलेच हळू बोलता तुम्ही." कानात घालायचे प्लग मिळायचे. पण ते घातले की हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांच्याच खिशात राहायचे.

मला माझीच लाज वाटली. १५ वर्षं मी वस्त्यांवर बायकांच्या तब्येतीची चौकशी करत फिरते. हिमोग्लोबिन विचारते, बीपी विचारते, पाळीच्या तक्रारी विचारते. एमआयडीसीत जाणाऱ्या एकीलाही कधी कान विचारले नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या कामातून होणाऱ्या आजारांच्या यादीत हे बहिरेपण नोंदलेलं होतं, हेही मला ह्या निमित्ताने कळलं. स्वतःच्या घरात ते रोज रिमोट मागत होतं, तरी मला दिसलं नाही.

आता विचारते. पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का? लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं कळायला जास्त त्रास होतो का? चारचौघांत 'काय? काय?' करावं लागतं का? घरातल्यांपेक्षा टीव्ही मोठा लागतो का? ह्यांतलं एकही 'हो' आलं, तर आधी श्रवणचाचणी. आणि प्लग खिशात नाही, कानात. लेकीलाही तिचे हेडफोन दाखवून सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, एवढीच मुभा आहे.

साउंड सिस्टिम मी मग ह्यांच्या कानांसाठी पुन्हा लावली. मधला स्पीकर जरा तिरका करून थेट कानांकडे वळवला आणि त्याची पातळी ३ डेसिबलने वाढवली. मागचे दोन थोडे उतरवले. सबवूफर आणखी खाली. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 'नाइट' म्हणून सोय असते, तिने मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं. ती लावली. लादीवर सतरंजी अंथरली, काचेच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि रिकाम्या भिंतीवर सासूबाईंची गोधडी टांगली. उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज शब्दांत कालवाकालव करतो, तो कमी झाला. गंमत म्हणजे एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही ह्यांना निम्म्याहून जास्त संवाद कळू लागले. उरलेल्यासाठी श्रवणयंत्र लागणारच होतं. "म्हातारा दिसेन" म्हणून दोन महिने घालवले. मी म्हटलं, "चष्मा लावलात तेव्हा कुठे दिसलात?" मग तयार झाले.

यंत्र आल्यावर पहिल्याच शनिवारी सगळ्यांनी मिळून 'सैराट' लावला. २०१६ साली थिएटरात बघताना ह्यांना गाण्यांखेरीज फारसं काही कळलं नव्हतं, हे त्यांनी आत्ता कबूल केलं. ह्या वेळी सगळ्या विनोदांना आमच्याबरोबर हसले. एकदाही "काय म्हणाला?" आलं नाही. शेवट आला. ते लहानगं पोर घरात येतं आणि सगळा आवाजच थांबतो. संगीत नाही, रडणं नाही, काही नाही.

ह्यांचा हात चटकन कानाकडे गेला. यंत्र चाचपडत घाबऱ्या आवाजात म्हणाले, "बॅटरी गेली का गं?"

सासूबाईंनी त्यांचा हात धरून खाली घेतला. "नाही रे बाळा," त्या म्हणाल्या, "आम्हालाही ऐकू येत नाहीये."