गरोदरपणातील रक्तदाब आणि यकृतावरील संकट

गरोदरपणात रक्तदाब वाढला की डोके दुखते, सूज येते, झटके येऊ शकतात, ही माहिती बऱ्याच घरांत असते. याच विकाराचा घाव यकृतावरही पडतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

अमेरिकन डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये या अवस्थेला ‘हेल्प सिंड्रोम’ हे नाव दिले. हा मदत या अर्थाचा इंग्रजी शब्द नव्हे. तांबड्या रक्तपेशी फुटणे, यकृतातील एन्झाइम रक्तात वाढणे आणि प्लेटलेट घटणे या तीन बाबींची ती इंग्रजी आद्याक्षरे होत. हजार गरोदर स्त्रियांपैकी साधारण ५ ते ९ जणींना हा विकार होतो.

वारेतून आईच्या रक्तात येणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. यकृतातील सूक्ष्म वाहिन्या तुंबतात, पेशी मरतात व रक्त झिरपते. यकृताच्या पातळ आवरणाखाली रक्त साठून ते ताणले गेले की उजव्या बरगडीखाली किंवा छातीखाली मधोमध दुखते, कधी उजव्या खांद्यातही. क्वचित हे आवरण फाटते. मग पोटात इतका रक्तस्राव होतो की आई व बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

खरी अडचण अशी की हे दुखणे, त्यासोबतची मळमळ व उलटी हुबेहूब पित्तासारखी वाटते. घरातील थोरल्या बाया ‘पित्त झालं’ म्हणून थंड दूध देतात. त्यांचा दोष नाही. शेवटच्या महिन्यांत पित्त होतेच. परंतु विसाव्या आठवड्यानंतर असे दुखू लागल्यास त्याच दिवशी रक्तदाब, लघवीतील प्रथिने, प्लेटलेट व यकृताच्या तपासण्या व्हायला हव्यात. काही रुग्णांत रक्तदाब १४०/९० च्या खालीही असतो, त्यामुळे केवळ तो मोजून भागत नाही.

सुरतमधील डिंडोलीत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. लेक बाळंतपणाला जळगाव-धुळ्याकडे माहेरी गेली की डॉक्टर बदलतात आणि तपासणीचे कागद पुष्कळदा सुरतेलाच राहतात. आपल्या वर्गातील विवाहित विद्यार्थिनींना ही फाईल सोबत नेण्यास अवश्य सांगावे.

गंभीर रुग्णाला मॅग्नेशियम सल्फेट व रक्तदाबाची औषधे देऊन, रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात प्रसूती करणे हाच मुख्य उपाय आहे. सुमारे तीनांपैकी एकीला हा विकार बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या ४८ तासांत दिसतो. म्हणून लवकर घरी सोडलेल्या बाळंतिणीच्या पोटदुखीकडेही तितकेच लक्ष हवे.