रंगीत घामाची कैफियत
लेखांक सहावा

मागील लेखांकात स्वेदग्रंथींचे दोन वर्ग आपण पाहिले : सर्वांगभर पसरून देहाचे तापमान राखणाऱ्या एक्राइन ग्रंथी, आणि यौवनारंभी कार्यरत होऊन मुख्यतः काखेत, स्तनमंडलाशी व क्वचित चेहऱ्यावर दाटसर स्राव सोडणाऱ्या अ‍ॅपोक्राइन ग्रंथी. घाम स्वभावतः वर्णहीन. तथापि एखाद्याच्या सदऱ्यावर तो पिवळा, हिरवा, निळा, क्वचित काळाही डाग ठेवतो, आणि मग त्या डागाची फिर्याद घेऊन तो भयभीत मनुष्य दवाखान्याची पायरी चढतो.

त्या फिर्यादीच्या तपासात प्रथम ठरवायचे ते हे, की रंग ग्रंथीतच उपजला की अन्य मार्गाने आला. ग्रंथीतच उपजणाऱ्या विकारास क्रोमहायड्रोसिस म्हणतात. १७०९ साली जेम्स यंग या इंग्रज शल्यवैद्याने त्याचे वर्णन केले, आणि १९५४ साली शेली व हर्ली या अमेरिकन वैद्यांनी त्याचे मूळ अ‍ॅपोक्राइन ग्रंथींतील लिपोफस्किन या रंजकद्रव्यात असल्याचे दाखविले. या द्रव्याचे ऑक्सिडीकरण जितके अधिक, तितका रंग गडद. विकार निरुपद्रवी, पण चिवट. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनचे मलम लावीत राहिल्यास काहींना उतार पडतो; मलम सुटले की रंग बहुधा परततो.

दुसरा प्रकार कातडीवरच घडतो : घाम निर्मळच बाहेर येतो, परंतु तेथील जंतू, कपड्याचा कच्चा रंग किंवा धातूचे क्षार त्याला रंगवितात. तांब्याशी नित्य संबंध येणाऱ्या कामगारांचा घाम निळा-हिरवा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीचा कोणी कारागीर अशी तक्रार घेऊन आलाच, तर वैद्याने रोगाचे नाव शोधण्यापूर्वी त्याचा धंदा विचारावा.

तिसरा प्रकार औषधांचा, आणि पुण्यासारख्या शहरात पहिल्या दोहोंपेक्षा याचीच गाठ पडण्याचा संभव अधिक. क्षयावरील रिफाम्पिसिनने मूत्र, अश्रू व घाम नारिंगी होतात. कोंढव्याच्या बांदोरवाला रुग्णालयाचे नाव ज्या रोगाशी जोडलेले आहे, त्या कुष्ठरोगावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यातील क्लोफाझिमाइन हे औषध जात्याच तांबडे रंजकद्रव्य आहे. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने १९५०च्या दशकात ते सिद्ध केले ते क्षयासाठी, आणि कामी आले ते कुष्ठावर. अंगात कुष्ठाचे जंतू अधिक असलेल्या, म्हणजे बहुजीवाणू, रुग्णास महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम आणि एरवी रोज ५० मिलिग्रॅम अशी त्याची मात्रा असते. ते चरबीत व कातडीत साठत जाते, घामाला तांबूस छटा देते, त्वचेला तपकिरी-काळसर करते, आणि उपचार संपल्यावरही तो रंग ओसरण्यास महिने, कधी वर्षही लागते.

ज्या रोगाला समाजाने शतकानुशतके वाळीत टाकले, त्यातून बरे करणारे औषधच अंगावर दिसेल अशी खूण ठेवते, हा प्रसंग बिकटच. सबब पहिली गोळी देतानाच याचा पूर्ण खुलासा झाला पाहिजे; नाहीतर रोगी रंगाला भिऊन औषध टाकतो आणि रोग आत मज्जातंतू पोखरीत राहतो. त्या मज्जातंतूंचा नाश झाला की कुष्ठाच्या चट्ट्याला संवेदना राहत नाही आणि घामही येत नाही. म्हणून तांबूस घामाने घाबरू नये. कोरडा, बधिर चट्टा मात्र एक दिवसही अंगावर काढू नये. घाम मुळीच न येण्याच्या अशाच विकारांचा विचार पुढील लेखांकी करू.