विजयदुर्गावरचे कट्टे आणि पिवळी रेघ

विजयदुर्गाच्या किल्ल्यात हिंडणाऱ्या पाहुण्याला ‘साहेबाचे कट्टे’ आवर्जून दाखविले जातात, आणि त्यांच्याविषयी हकिकत सांगितली जाते ती अशी, की 18 ऑगस्ट 1868 रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने येथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि सूर्यावर हेलियम वायूचा शोध लावला. हकिकत मोहक आहे. परंतु त्या दिवशी लॉकियर इंग्लंडातच होता. शिवाय ज्याने कोकणातील ऑगस्ट पाहिला आहे, त्याला हेही सहज पटावे की जेथे सूर्य आठ-आठ दिवस दर्शन देत नाही, त्या किनाऱ्यावर ग्रहण पाहण्यासाठी कोणी जाणता शास्त्रज्ञ ऐन पावसाळ्यात तळ ठोकणार नाही.

त्या ग्रहणासाठी फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला उतरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला होता, आणि थोर ज्योतिर्विद हर्शेल घराण्यातील एक तरुण अधिकारी, जॉन हर्शेल, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मुक्कामाला होता. हर्शेलच्या वाट्याला ढगच अधिक आले; तरी एका फटीतून सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वाळेचा प्रकाश त्याच्या वर्णपटदर्शकात शिरला आणि तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन झळझळीत रेघा त्याला दिसल्या.

या रेघांचे मर्म आपल्या स्वयंपाकघरातही कळते. मीठ घातलेली आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो रंग मिठातील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले म्हणजे प्रकाशाच्या पट्ट्यात ठराविक जागीच आपल्या रेघा उमटविते, आणि त्या रेघा म्हणजे जणू त्याच्या सहीचा दाखला. सोडियमच्या दोन रेघा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर पडतात. सूर्यज्वाळेतील ती नारिंगी-पिवळसर रेघ मात्र 587.6 वर होती. एवढे सूक्ष्म अंतर ग्रहणाच्या घाईत नेमके मोजणे दुर्घटच होते, म्हणून ही सोडियमचीच सही असावी असा समज होणे स्वाभाविक होते.

जान्सेनला मात्र त्या रेघा इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्याला वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्याने त्या पाहूनही दाखविल्या. इकडे लॉकियरने 20 ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली. दोघांची वृत्ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा एकत्र कोरलेले पदक काढले. त्या पिवळ्या रेघेची जागा नीट मोजून, ती पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात द्रव्याची नव्हे असे प्रतिपादन लॉकियरने केले. ‘हेलियम’ हे नाव सूर्याच्या ग्रीक नावावरून आले.

रसायनशास्त्रज्ञांना हे सहजासहजी मानवले नाही. जे द्रव्य कुणी कुपीत धरले नाही, त्याचे अस्तित्व केवळ एका रेघेच्या भरवशावर कसे मान्य करावे? मला तर या आक्षेपापेक्षाही लॉकियरची चिकाटी अधिक विलक्षण वाटते. अखेर 1895 च्या मार्च महिन्यात लंडनला विल्यम रॅम्से क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघणारा वायू तपासीत असता, शोध आर्गॉनचा चालला असता, नळीत तीच पिवळी रेघ उजळली. सूर्यावर सापडलेले द्रव्य सत्तावीस वर्षांनी जमिनीत गवसले.

आणि साहेब विजयदुर्गाला खरोखरीच आला होता. मात्र तीस वर्षे उशिराने. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाची छायारेषा कोकणातून देशावर चढत होती. तिच्यावरच सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. इकडे लॉकियरने विजयदुर्गाच्या तटांच्या आत छावणी दिली आणि ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजावरील खलाशांकडून प्रत्येकाच्या कामाची आधी कसून तालीम करून घेतली. कारण सूर्य पुरता झाकला जाणार होता तो जेमतेम दोन मिनिटे, आणि जानेवारीतल्या कोकणच्या निरभ्र आकाशाखाली त्यांतील एकही क्षण वाया जाऊ द्यायचा नव्हता.