मिठाची झिलई, कथिलाचे झाकण

जर्मनीतील पारंपरिक बिअरपात्रांविषयी लिहावयास बसलेला लेखक बहुधा झाकणापासून आरंभ करतो, आणि महामारीच्या व माश्यांच्या भयाने तेथील संस्थानिकांनी पेये झाकून ठेवण्याचे हुकूम काढले, ही कथा सांगून मोकळा होतो. कथा सुरस आहे, परंतु या पात्राचे मर्म मला झाकणाहून त्याच्या मातीत अधिक दिसते. ऱ्हाइनकाठच्या मुलखात कोलोन, फ्रेशेन, झीगबुर्ग येथील कुंभारांना अशी चिकणमाती लाभली होती, की जी 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली असता दगडाप्रमाणे घट्ट होऊन ओल शोषीनाशी होते. लोणचे ज्या कारणास्तव आपण चिनी मातीच्या बरणीत मुरवतो, त्याच कारणास्तव जर्मन माणसाने आपली बिअर या मातीच्या हवाली केली.

भट्टी ऐन भरात आली, की तिच्या माथ्यावरील छिद्रांतून मीठ आत टाकीत. त्याची वाफ होऊन त्यातील सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावे आणि भांड्यावर काचेचा पातळ, किंचित खरबरीत थर चढे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राएरेन व झीगबुर्गची काही कुंभार घराणी वेस्टरवाल्डमध्ये येऊन वसली, आणि तेथील राखाडी मातीवर त्या प्रखर आचेतही न उडणारा कोबाल्टचा निळा रंग खुलू लागला. हे राखाडी-निळे पात्रच मला सर्वांत देखणे वाटते. त्यावर झाकण बसवी तो कथिलाचा कारागीर. पात्राच्या कानाला बिजागरी जखडून तिच्यावर अंगठ्यापुरता खटका तो अशा बेताने ठेवी, की पिणाऱ्याने एकाच हाताने पात्र उचलावे आणि त्याच हाताच्या अंगठ्याने झाकण उघडावे.

एकोणिसाव्या शतकात अलंकरणाने उपयुक्ततेवर कुरघोडी केली. मेटलाख येथील बेनेडिक्टाइन मठ 1809 मध्ये बोख घराण्याने मातीच्या भांड्यांच्या कारखान्यासाठी घेतला, 1836 मध्ये विलरॉय घराण्याशी या घराण्याची भागीदारी जमली, आणि पुढे तेथून निघालेली कोरीव रेषांची, बहुरंगी पात्रे कारागिरीची पराकाष्ठा असली, तरी ती पिण्यापेक्षा फडताळात मिरवण्याच्याच लायकीची झाली. सैन्यातील नोकरी पुरी करून घरी परतणारे शिपाई आपले नाव, पलटण आणि सोबत्यांची यादी रंगवलेली पात्रे विकत घेत. त्यांपैकी पोर्सेलिनच्या पात्रांचा तळ उजेडाकडे धरला की आतले चित्र दिसे, अर्थात बिअर संपल्यावरच.

दगडी पात्राचा एक दोष मात्र कबूल केला पाहिजे: आत बिअर किती आणि फेस किती, हे बाहेरून कळत नाही. म्युनिकच्या नागरिकांनी 1899 मध्ये अपुऱ्या मापाविरुद्ध रीतसर संस्थाच स्थापन केली, यावरून हा प्रश्न तेथे किती जिव्हाळ्याचा होता ते दिसते. आज ऑक्टोबर महोत्सवाच्या मांडवांत लिटरभराचे काचेचे पात्र चालते, आणि त्यावर मापाची रेघ असते. तथापि 1589 मध्ये स्थापन झालेल्या होफब्रॉयहाउस या तेथील बिअरगृहात नित्याच्या गिऱ्हाइकांची खासगी पात्रे अद्याप कुलुपबंद कप्प्यांत राहतात. त्या कप्प्यांचे धनी मिरासदारांच्या तोऱ्यात किल्ली लावतात, आणि नव्या उमेदवारांना एखादा कप्पा रिकामा होण्याची वाट पाहावी लागते.