उपाशी कांचन

सोमवारची पहाट. सोलापूर स्टेशनात मी धापा टाकत शिरलो, आणि हुतात्मा एक्स्प्रेसचा शेवटचा डबा डोळ्यांदेखत पुण्याकडे निघून गेला. मनगटावर बघितलं. घड्याळ म्हणत होतं, अजून नऊ मिनिटं आहेत, निवांत चहा घे!

हे घड्याळ म्हणजे एचएमटी कांचन. ऑटोमॅटिक, सोनेरी, वार-तारीखवालं. त्याचा रुबाब आपल्या पिढीला कळायचा नाही. एके काळी जावयाला द्यायचं घड्याळ म्हणजे कांचन! बाबांना ते 1987 साली लग्नात मिळालं. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते 2018 साली रिटायर झाले आणि कांचन कपाटात गेलं. मला प्रमोशन मिळालं तेव्हा त्यांनी ते स्वतः माझ्या हातात बांधलं. पुण्याच्या ऑफिसात भाव एकदम वाढला. व्हिंटेज, यार! प्रॉब्लेम एकच. ते रोज दहा-बारा मिनिटं मागे पडायचं, आणि एखाद्या रात्री झोपूनच जायचं.

आता तक्रार करायची कुणाकडे? एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. ऑफिसातल्या एका मित्राने उपाय सुचवला. मागचं झाकण उघडायचं, आत एक बारीक दांडी असते, ती ‘प्लस’कडे सरकवायची, खेळ खल्लास. स्क्रू-ड्रायव्हर पण घेऊन आला होता पठ्ठ्या. मी घड्याळ खिशात घातलं आणि पुढच्या शनिवारी थेट नवी पेठ गाठली.

तिथल्या एका बोळात घड्याळवाले काका बसतात. काचेची पेटी, टेबललॅम्प, डोळ्याला भिंग. मला वाटलं, आता झाकण उघडतील. त्यांनी आधी माझी चौकशी केली.

‘‘काम काय करतोस?’’

‘‘सॉफ्टवेअर.’’

‘‘म्हंजे दिवसभर हात टेबलावर. घड्याळ उपाशी हाय बे तुझं!’’

फंडा असा आहे. ऑटोमॅटिक घड्याळात सेल नसतो. आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं, रोटर. हात हलला की ते फिरतं आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. पूर्ण भरलेली स्प्रिंग साधारण दीड दिवस पुरते. आपला हात मात्र आठ-नऊ तास कीबोर्डवर, मग गाडीच्या हँडलवर, मग रिमोटवर. स्प्रिंग अर्धवट भरते, आतल्या चक्राचा झोका लहान होतो आणि वेळ बिघडते. चावी देऊन भागेल म्हणाल, तर जुन्या सिको 5 च्या बहुतेक मॉडेलांना हाताने चावी देताच येत नाही.

बाबांचा हात? एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्यात पंच, घंटीची दोरी ओढायची, आणि सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर गाडी स्वतःच हादरवणार. कांचन सकाळी दहालाच पोटभर जेवलेलं असायचं!

पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘‘उपाशी हाय की तहानलेलं, आधी बघू. एक दिवस बापाला घालायला दे,’’ म्हणाले. हीच खरी टेस्ट. भरपूर हलणाऱ्या हातावर घड्याळ बरोबर चाललं तर दोष तुमच्या खुर्चीचा. तरीही मागे पडलं तर दोष आत.

रविवारी बाबांनी कांचन घातलं. सायकलवर मंडई, झाडांना पाणी, दुपारी माळा आवरला. (आई म्हणाली, हे घड्याळ रोजच देत जा त्यांना.) रात्री मोबाईलशी ताडून बघितलं, पाच मिनिटं मागे. म्हणजे उपाशीही आणि तहानलेलंही.

मग मात्र झाकण उघडलं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या. बरेच कारागीर सर्व्हिसिंग केलं की अशी खूण करतात. शेवटची तारीख होती 2006 ची. तेव्हापासून आतलं तेल वाळत होतं, त्यात सोलापूरचा उन्हाळा आणि धूळ. वाळलेलं तेल चिकट होतं, मग प्रत्येक चाकाला जोर लावावा लागतो. रोटर घासतोय का, तेही काकांनी कान लावून ऐकलं. होकायंत्र जवळ धरलं, सुई नाचली नाही. चुंबक लागलेलं घड्याळ बहुधा पुढे पळतं, म्हणून तो संशय तसाही कमीच होता.

आणि ती दांडी? ‘‘चिकटलेल्या घड्याळाची दांडी सरकवणं म्हंजे तापात थर्मामीटर बदलणं,’’ काका म्हणाले. सगळं सुटं करून, धुऊन, नवं तेल घातल्यावर सर्वात शेवटी त्यांनी ती केसभर हलवली. एक झिजलेलं चाक निघालं, ते दुसऱ्या मेलेल्या कांचनमधून आलं. आता असेच सुटे भाग मिळतात. डायल मात्र रंगवायला त्यांनी साफ नकार दिला. बाजारात चकाचक रंगवलेल्या डायलची ‘जुनी’ घड्याळं ढीगभर आहेत, ती घेताना जपून.

बिल दोन पिझ्झांएवढं झालं. झाकणाच्या आत नवी तारीख कोरली, ती काकांनी मला भिंगातून दाखवली.

आता बाबांच्या हातावर ते दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं. दिवसात 86,400 सेकंद असतात, तेव्हा या वयाला हे उत्तमच. माझ्या हातावर अजून दोन मिनिटं जातात, तो हिशेब माझ्या खुर्चीशी आहे. म्हणून लिफ्ट सोडलीय, आणि शनिवार-रविवार कांचन बाबांकडे जेवायला असतं.

गेल्या रविवारी रात्री बॅग भरताना त्यांनी ते परत माझ्या हातात बांधलं.

‘‘किती मागे?’’ मी विचारलं.

‘‘पस्तीस सेकंद,’’ बाबा म्हणाले. मग दिवा मालवता मालवता, ‘‘उद्या हुतात्मा आहे ना? मोबाईलचा गजर लाव.’’