माकडांची शीव

मराठीत ‘वानर’ आणि ‘माकड’ असे दोन शब्द आहेत, आणि ते एकाच प्राण्याचे नव्हेत. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. डोक्यावर केसांची टोपी ठेवल्यासारखे दिसणारे, मातकट रंगाचे ते आपल्याकडील माकड. तुंगारेश्वराच्या रानात दोघेही नांदतात. हे जमते कसे? वानराचे जठर कप्प्याकप्प्यांचे असते. जून पाल्यावरही त्याचा निर्वाह होतो. माकडाचे तसे नाही. ते फळे, बिया, किडे शोधते व गालांच्या पिशव्यांत कोंबून पळते. ताटे निराळी, म्हणून घर एक चालते.

पण ताट एकच असले तर? गाउसे या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ साली आपल्या ग्रंथात दाखविले, की एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन सूक्ष्म जीवजाती एका भांड्यात ठेवल्या, तर अखेर एकच उरते. रानात निकाल इतक्या लवकर लागत नाही. तेथे अशा जाती बहुधा प्रदेश वाटून घेतात.

पालघरहून गुजरातच्या गाडीत बसा. सुरत स्टेशन सोडले, की तापीचा पूल लागतो. पश्चिमेकडे हीच नदी दोन सख्ख्या माकड-जातींची शीव मानली जात असे. दक्षिणेस आपले टोपीवाले. उत्तरेस तांबूस कमरेचे, आखूड शेपटीचे ऱ्हीसस. रक्तातील ‘आर्‌एच’ घटकाचे नाव त्याच्यावरूनच पडले. ऱ्हीसस अफगाणिस्तानापासून चीनपर्यंत पसरलेले आहे; टोपीवाले मात्र जगात केवळ दक्षिण भारतात.

ही शीव आता पुसट होत आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकल्याचे व टोपीवाल्यांचा प्रदेश आकसल्याचे आढळले. ऱ्हीसस अंगाने थोराड आणि माणसांत चटकन रुळणारे. त्यात आपलाही हात आहे. उपद्रवी माकडे पकडून दूर सोडली, की आपल्या अंगणातला त्रास टळतो. पण दुसऱ्याच्या रानात नवी स्पर्धा पेरली जाते. जागतिक लाल यादीत आपले टोपीवाले माकड आता ‘असुरक्षित’ गणले गेले आहे.

तेव्हा उद्या बोईसर-तारापूरच्या एखाद्या छपरावर माकड उतरलेच, तर त्याला खाऊ घालू नये, आणि “धरून लांब सोडा” असेही म्हणू नये. ते ‘लांब’ कोणाचे तरी घर असते.